गोष्ट सांगून झाल्यावर तात्पर्य सांगायचं की नाही? (बडोद्यातल्या शनिवारच्या गोष्टींबद्दल)

विश्वामित्रीकाठ (धागाकर्ती)

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. जन्माष्टमीला, म्हणजे २६ तारखेला, पाऊस थांबायचं नाव घेईना आणि मग विश्वामित्री नदी समा भागातल्या आमच्या सोसायटीत शिरली. तळमजल्यावरची तीन बिऱ्हाडं दुसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आली. लाइट नाही, मोबाइल एकेक करून मान टाकत होते, घरात पाच मुलं. खाली पाण्यात मगर दिसली अशी बातमी जिन्यातून वर आली. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्याला अशी बातमी खोटी वाटत नाही. मुलं भेदरलेली आणि मोठी माणसं एकमेकांवर खेकसतायत, अशी संध्याकाळ.

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. हात रिकामे असले की तोंडात गोष्ट येतेच. पंचतंत्रातली सुरू केली, कासव आणि दोन हंसांची. तळं आटतंय, हंस काठीची दोन टोकं चोचीत धरतात, कासव मधे दातांनी काठी पकडून लोंबकळतं. बोलायचं नाही ही अट. गावावरून जाताना खालचे लोक आरडाओरडा करतात, कासवाला राहवत नाही, तोंड उघडतं आणि खेळ खलास. मी सवयीने "तात्पर्य" म्हणणार, तेवढ्यात खालच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "पण हंसांनी त्याला नुसतं 'बोलू नको' सांगितलं ने. खालचे लोक हसतील हे कुठे सांगितलं होतं?"

मी गप्प झाले. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, दर वेळी चूक कासवाची. वाचाळ कोण, तर कासव. हंसांनी सूचना अर्धवट दिली होती असं माझ्या डोक्यातसुद्धा कधी आलं नव्हतं. कोपऱ्यात तिचे वडील बसले होते. तासाभरापूर्वी त्यांनी तिला "गॅलरीत पाय ठेवलास तर बघ" असं दरडावलं होतं, कारण काही सांगितलं नव्हतं. ते उठले, तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळू आवाजात सांगायला लागले की कठडा ओला आहे, अंधारात पाय सरकला तर खाली किती पाणी आहे, आणि त्यांना स्वतःलाच भीती वाटतेय. त्यानंतर त्या रात्री ती गॅलरीकडे फिरकली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी साडेपाचला सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये गोष्टी होतात. पाऊस असला तर पार्किंगमध्ये. दहा-बारा मुलं असतात, काहींचे आईबाप, हल्ली कॉलेजची तीन-चार पोरंही येऊन बसतात, कारण त्यांना मुलाखतीत बोलता येत नाही. मी तात्पर्य सांगणं बंद केलंय. त्याऐवजी एकच प्रश्न विचारते: "तू तिथे असतास तर काय बोलला असतास? नेमके शब्द सांग."

नेमके शब्द, यावर माझा सगळा भर आहे. "हंसाने नीट सांगायला हवं होतं" हे मत झालं, आणि मत द्यायला मुलं पटाईत असतात. शब्द मागितले की अडखळतात. सातवीतल्या एका मुलाने बराच विचार करून हंस होऊन सांगितलं: "कासवदादा, गाव आलं की लोक हसतील. तुम्हाला राग येईल. मी तेव्हा पंख दोनदा जोरात हलवीन, म्हणजे समजा की आत्ता दात घट्ट." धोका काय आहे, तेव्हा मनात काय होईल आणि त्या वेळी खूण कोणती, हे तिन्ही त्या तीन वाक्यांत आलं. कामावरच्या माणसांनाही इतकी धड सूचना देता येत नाही.

दुसरी गोष्ट जी आम्ही तीन शनिवार चघळली ती पिंगलक सिंह आणि संजीवक बैलाची. दमनक कोल्हा नुसत्या बोलण्याने दोघांची मैत्री तोडतो. तो बैलाला सांगतो, सिंह तुझ्या जिवावर उठलाय. कान टवकारलेले, डोळे लाल दिसले की समज. सिंहालाही बैलाबद्दल तेच भरवतो. दोघं भेटतात, दोघंही सावध, दोघांनाही समोरच्याच्या सावधपणातच पुरावा दिसतो. मुलांना मी म्हटलं, कुठलं वाक्य ऐकल्यावर मागे फिरता आलं असतं ते शोधा. एक मुलगी म्हणाली, "बैलाने सिंहालाच विचारायचं, तुम्ही माझ्यावर रागावलात असं मी ऐकलं, खरंय का?" लगेच दुसरीने उत्तर दिलं, "सिंहाला असं विचारायला किती भीती वाटेल!" मग भीती वाटत असताना विचारायचं कसं, यावर अर्धा तास गेला. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून दोन घरांचं भांडण पेटलं होतं. त्यातल्या एका बाईंनी तो प्रश्न समोर जाऊन, जवळजवळ त्याच शब्दांत विचारला. त्यांचा मुलगा शनिवारी येतो.

तुमचे अनुभव वाचायचे आहेत. आणि चुकत असेन तर तेही सांगा.

---

खारीवावकर

ताई, वाचून फार बरं वाटलं. एक भर घालतो. महानुभाव पंथाचा दृष्टांतपाठ नावाचा ग्रंथ आहे, १३व्या शतकातला. चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या गोष्टी केसोबासांनी एकत्र केल्या, ११४ दृष्टांत. प्रत्येकाचे तीन भाग: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट कशाला लागू पडते ते. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण शाळेत वाचली, ती त्यात आहे.

आणि आपण बडोदेकरांनी हे विसरू नये की परंपरेप्रमाणे चक्रधर भडोचचे. आपल्याइथून ७०-८० किलोमीटर. गुजरातेतून आलेला माणूस मराठीत अशा साध्या गोष्टी सांगतो की आठशे वर्षांनंतरही त्या समजतात. परक्या भाषेत बोलणाऱ्याला शब्द तोलून घ्यावे लागतात, त्यातून हा साधेपणा आला असेल असं मला नेहमी वाटतं.

तुमच्या पद्धतीत दार्ष्टांतिकाची जागा मोकळी ठेवून ती ऐकणाऱ्याकडून भरून घेताय. मला हे पटतं.

---

मकरपुरा_शिफ्ट

मी जरा उलट बाजूने बोलतो, राग मानू नका.

जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, २२ वर्षं काढली, आता सुपरवायझर आहे. मध्यंतरी आम्हाला दोन दिवसांच्या संवादकौशल्याच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. बाहेरचे ट्रेनर. दोन्ही दिवस गोष्टी. गरुडाची, बेडकाची, शेतकऱ्याच्या विहिरीची. प्रत्येकीच्या शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत बोध. टाळ्या, फोटो, सर्टिफिकेट. तिसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना माझ्याच माणसाने पुढच्याला "सगळं ओके आहे" एवढं सांगितलं आणि घरी गेला. एका मशीनचं बेअरिंग सकाळपासून आवाज करत होतं, ते सांगायचं राहिलं. नुकसान झालं. कुणाला लागलं नाही हे नशीब.

बोलायला शिकणं हे पोहण्यासारखं आहे. काठावर बसून गोष्टी ऐकून कोणी पोहत नाही.

---

विश्वामित्रीकाठ

मकरपुरादादा, राग कसला. तुम्ही सांगितलंत ते मला पूर्ण मान्य आहे, आणि त्या ट्रेनिंगबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या दोन दिवसांत किती जणांना स्वतः गोष्ट सांगायला लावली? माझा अंदाज आहे, एकालाही नाही.

आमच्याकडे मी सांगते ती एकच गोष्ट. बाकीचा वेळ मुलं बोलतात. दुसऱ्याची गोष्ट परत सांगायची, पण एक अट: ज्याने ऐकली नाही त्याला सांगायची. त्यासाठी दोघांना मुद्दाम गेटपाशी पाठवतो. ते परत आले की एकाने सांगायचं आणि ऐकणाऱ्याने तीन प्रश्न विचारायचे. कुठे तुटलं ते प्रश्नांवरून लगेच कळतं. "काठी कुणी आणली?" असं गेटवरच्या मुलाने विचारलं की सांगणाऱ्याच्या लक्षात येतं, आपल्या डोक्यात होतं, तोंडातून आलंच नाही.

तुमचं "सगळं ओके आहे" मला याच जातीचं वाटतं. त्याच्या कानात बेअरिंगचा आवाज होता. पुढच्याच्या कानात नव्हता.

---

मकरपुरा_शिफ्ट

हे गेटवर पाठवायचं आवडलं. आमच्याकडे करून बघतो. शिफ्ट बदलताना "सकाळपासून काय काय झालं ते क्रमाने सांग" असं म्हटलं तर तीही गोष्टच झाली की. आज काय वेगळं दिसलं, काय ऐकू आलं, तू काय केलंस, काय राहिलं. सोमवारपासून चालू करतो आणि इथे लिहितो.

---

रातपाळी

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. हॉस्पिटलचं नाव नको.

बिरबल आणि बादशहाच्या पोपटाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पोपट मेला म्हणून सांगेल त्याला शिक्षा. बिरबल सांगतो, पोपट खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही, हलत नाही. शेवटी बादशहाच म्हणतो, म्हणजे मेला. लहानपणी मला ही गोष्ट म्हणजे बोलण्यातल्या हुशारीचा कळस वाटायची.

नोकरीत आल्यावर मत बदललं. एका आजोबांच्या नातेवाइकांना एका ज्युनिअर डॉक्टरांनी असंच सांगितलं. बीपी लागत नाहीये, प्रतिसाद नाहीये, आम्ही सगळे प्रयत्न केले. मुलगा म्हणाला, "बरं, मग उद्या सकाळी कुठलं औषध आणायचं?" तो प्रश्न मी अजून विसरले नाही. आजोबा गेले होते. त्या माणसाला ते समजलंच नव्हतं, आणि समजलं तेव्हा आधी आपण औषधाचं विचारलं याचीच त्याला लाज वाटत होती. वेदना देणारा शब्द टाळला आणि त्या माणसाला दोनदा वेदना दिली.

आम्हाला नंतर शिकवलं ते असं. आधी बसायचं, उभ्याने सांगायचं नाही. त्यांना आत्तापर्यंत काय समजलंय ते विचारायचं. मग एक इशाऱ्याचं वाक्य: "बातमी चांगली नाही." थोडं थांबायचं. मग स्पष्ट शब्द, "ते वारले." आणि त्यानंतर गप्प. आपल्याला ती शांतता सहन होत नाही म्हणून आपण बडबड करतो, ती करायची नाही.

म्हणून ताई, मला वाटतं ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण बिरबलाला शिक्षेची भीती होती हेही विचारा. त्याचं बोलणं स्वतःचा जीव वाचवायला होतं. समोरच्याला सावरायला ते कामाचं नाही.

---

पाटीपेन्सिल

रातपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वडील गेले तेव्हा आम्हाला कुणीतरी असं बसून सांगायला हवं होतं.

---

खारीवावकर

+१. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

---

रामबाग_इंदूर

इंदूरहून नमस्कार. वाचतेय आणि एक अडचण विचारते. आमच्याकडची मुलं घरी मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी. मराठीत गोष्ट सांगा म्हटलं की तिसऱ्या वाक्याला "फिर क्या हुआ ना" सुरू. आजी लोक तिथेच टोकतात, शुद्ध बोल. मग पोरगं बंदच पडतं. तुम्ही गुजरातीचं काय करता?

---

विश्वामित्रीकाठ

रामबागताई, मी टोकत नाही. आमच्याकडे कासव मराठीत बोलतं आणि खालचे गावकरी गुजरातीत ओरडतात, "अरे जुओ जुओ, काचबो उडे छे!" मुलांनी हे आपणहून ठरवलं आणि ते इतकं बरोबर होतं, की आकाशातल्या तिघांची भाषा वेगळी आणि खालच्या गावाची वेगळी. बडोद्यात आपलं जगणं असंच आहे ना, घरात एक आणि बाजारात एक.

गोष्ट पूर्ण झाल्यावर मात्र मी एखादं वाक्य उचलते आणि विचारते, हे आजीला सांगायचं तर कसं सांगशील? तेव्हा मराठी शब्द शोधतात, कारण समोर आजी आहे. कुणाशी बोलतोय ते डोळ्यांसमोर आलं की भाषा आपोआप बदलते. मधेच तोडलं की माणूस गोष्ट सोडून स्वतःच्या चुका ऐकायला लागतो.

---

पाटीपेन्सिल

मूळ प्रश्नाकडे येते, तात्पर्याच्या. मी बालवाडीत आहे. गिजुभाई बधेकांनी भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर १९२० मध्ये सुरू केलं. त्यांचा आग्रह होता की गोष्ट आनंदासाठी सांगावी, बोध चिकटवण्यासाठी नाही. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर भावनगरला काम करत होत्या आणि तोच विचार त्यांनी मराठीत आणला; पुढे बोर्डीला गेल्या. म्हणजे गुजरात-मराठीचा हा रस्ता जुनाच आहे.

पण माझी एक शंका आहे, आणि ती मनापासून आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला तात्पर्य नाही सांगितलं तर चालतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला, जो मोबाइलवर रोज कुणाचं तरी ऐकतोय, त्याला आपण काहीच सांगायचं नाही? एकदा आमच्या शेजारच्या मुलाने दमनकाची गोष्ट ऐकून म्हटलं, "भारी आहे दमनक, शेवटी मंत्री झालाच ना." याला काय म्हणायचं?

---

विश्वामित्रीकाठ

हा प्रश्न आमच्याकडेही आला. एका मुलाला दमनकच आवडला. मी रात्रभर विचार करत होते की आता तात्पर्य सांगावं का.

सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी त्याला दमनक केलं आणि गोष्ट संपल्यानंतरचा दिवस करायला सांगितला. बैल मेलाय, सिंह उदास बसलाय. आता तू सिंहाला काहीतरी सांगायला आलायस, आणि ते खरं आहे. त्याने छान सुरुवात केली, "महाराज, नदीपलीकडून शिकारी येतायत." सिंह झालेल्या मुलीने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मागच्या वेळी पण तू असंच धावत आला होतास." मुलाने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी पटवायचा प्रयत्न केला. ती हलेना. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, ही ऐकतच नाही!"

मी त्यावर काही बोलले नाही. तरी तुमची शंका खोटी नाही, पाटीपेन्सिल. कुणाला दुखापत होईल असं काही मूल बोललं तर मी तिथे गोष्ट थांबवते आणि सरळ बोलते. तिथे गोष्टीच्या आडून बोलणं मला भित्रेपणाचं वाटतं.

पुस्तकांबद्दल दोघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलंय, इथेच सांगते. मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून आणते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवायचे. एक पेटी आता आमच्याकडेही आहे, फळांच्या खोक्याची. शनिवारी मुलं त्यातून एक पुस्तक घरी नेतात.

---

मकरपुरा_शिफ्ट

कबूल केलं होतं म्हणून लिहितो. तीन आठवडे झाले. शिफ्ट बदलताना आधी जाणाऱ्याने क्रमाने सांगायचं, येणाऱ्याने तीन प्रश्न विचारायचे. पहिला आठवडा लोक हसले. "साहेब गोष्टी सांगायला लावतात." दुसऱ्या आठवड्यात एकाने सांगितलं की कूलंटचा वास आज वेगळा येतोय. लिहून देण्याच्या फॉर्मवर वासाला रकानाच नाही, त्यामुळे आधी कुणी सांगितलं नसतं. तपासलं तर कूलंट खराब व्हायला लागलं होतं. आम्ही वेळेत बदललं.

माझं पोहण्याचं म्हणणं मी मागे घेत नाही. पण तुमच्याकडे मुलं पाण्यातच असतात, हे मला आधी समजलं नव्हतं.

---

गोरवा_१२

मी आजवर इथे कधी लिहिलं नाही, फक्त वाचते. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, तो अडखळत बोलतो. शाळेत हसतात म्हणून हात वर करणंच सोडून दिलंय. त्याला शनिवारी आणलं तर चालेल का? तो बोलला नाही तर?

---

विश्वामित्रीकाठ

जरूर आणा. नाही बोलला तरी चालेल. येऊन बसला, ऐकलं, तेवढंही पुष्कळ आहे.

काही गोष्टी आधी सांगते. अडखळत बोलणारी बरीच मुलं सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना अडखळत नाहीत, म्हणून गावकऱ्यांचं ओरडणं आम्ही सगळे मिळून करू, त्यात तो असेल. त्याचा शब्द कुणी पूर्ण करणार नाही, "सावकाश, श्वास घे" असंही म्हणणार नाही. मुलांना मी आधीच समजावून ठेवीन, आणि का ते पण सांगेन. हंसांची चूक मला परत करायची नाही. वाक्‌-उपचारतज्ज्ञांकडे दाखवलं नसेल तर तेही करा. मी शिक्षिका आहे, ते काम माझं नाही.

---

रातपाळी

गोरवाताई, त्याला घेऊन या. मी पण या शनिवारी सुट्टीवर आहे, येतेय.

---

गोरवा_१२

चार शनिवार झाले. सांगायला आलेय.

पहिले दोन शनिवार तो गावकरी होता. तिसऱ्या वेळी गेटपाशी गेला आणि आल्यावर त्याने तीन प्रश्न विचारले. परवा घरी आला आणि नाशिकला माझ्या वडिलांना फोन लावला. आपणहून. कासवाची गोष्ट सांगायला लागला. पहिल्याच "क"वर अडकला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, हात थांबला. बाबांना मी आधीच सांगितलं होतं की मधे बोलायचं नाही. फोन स्पीकरवर होता, पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग "कासव" आलं, आणि मग गोष्ट शेवटपर्यंत गेली. मधे पाच-सहा वेळा अडकला.

गोष्ट संपल्यावर बाबांनी विचारलं, "आणि रे, त्या आटलेल्या तळ्यात पुढे पाणी आलं का?"

त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, विचारून सांगतो. म्हणून विचारतेय, मावशी, पाणी आलं का?

---

विश्वामित्रीकाठ

ते मूळ गोष्टीत नाही. शनिवारी त्यालाच विचारू या. आजोबांना साडेपाचला फोनवर राहायला सांगाल?